प्रसाधनांतील विषद्रव्ये आणि ग्रामीण ग्राहक

(रिद्धपूर, जि. अमरावती येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



२०२३ सालच्या आरंभी अकोल्याची एक हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. एकाच घरातील तीन स्त्रियांना, आई व तिच्या दोन मुलींना, काही महिन्यांच्या अंतराने मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघींनाही पूर्वी तसा कोणताही आजार नव्हता. एकाच घरात, एकाच सुमारास, तीन निरोगी माणसांची मूत्रपिंडे बिघडावीत हे अकोल्यातील डॉक्टरांना विलक्षण वाटले आणि त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेतला. कारणांचा शोध घेता घेता चौकशी घरातल्या आरशापर्यंत येऊन पोहोचली. तिघीही चेहरा उजळण्यासाठी एकच मलम लावीत होत्या आणि ते त्यांनी एका स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून विकत घेतले होते. केईएममधील प्रयोगशाळेत त्या मलमाची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा आढळला. कायद्याने चालू शकणारे प्रमाण दहा लाख भागांत एक भाग एवढे असताना या मलमातील प्रमाण हजारांच्या घरात होते.

दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक किलो मलमात एक मिलिग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या डबीत त्या हिशेबाने एका मिलिग्रॅमचा विसावा हिस्सा पारा चालू शकतो, तोही मुद्दाम घातलेला नव्हे, तर कच्च्या मालातून नकळत आलेला. प्रमाण हजार भागांवर गेले की त्याच डबीत पन्नास मिलिग्रॅम पारा असतो. अशी डबी रोज सकाळ-संध्याकाळ चेहऱ्यावर रिकामी होत असते.

वऱ्हाडात घडलेली ही घटना एकट्या वऱ्हाडाची नाही. केरळमधील कोट्टक्कल येथील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशाच एका मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५ जणांमध्ये त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरीत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, केरळच्या औषध नियंत्रण खात्याने राज्यभर दुकाने तपासण्याची मोहीम काढली आणि विनापरवाना, बिनलेबली मालाचे साठे जप्त केले.

पारा गोरेपणाच्या मलमात येतो कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या त्वचेचा सावळा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याने येतो. हे द्रव्य तयार होण्यास शरीरातील एक विकर लागते आणि पाऱ्याचे क्षार त्या विकराचे काम थांबवतात. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो. जे मलम आठवड्यात गुण दाखविते त्यावर ग्राहकाचा विश्वास बसतो. जे प्रामाणिक मलम केवळ त्वचा मऊ ठेवते त्याला ती ‘काहीच उपयोग नाही’ म्हणून बाजूला टाकते. बनावट मालाचा सारा व्यापार या एका गोष्टीवर उभा आहे. मलम बंद केले की रंग पुन्हा पूर्ववत होतो, आणि मग पुढची डबी आणली जाते.

परंतु पारा त्वचेवर थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो, त्याची वाफ श्वासावाटे आत जाते आणि मूत्रपिंडात तो साठत राहतो. तेथील गाळणीची जाळी बिघडली की रक्तातील प्रथिने लघवीवाटे बाहेर पडू लागतात. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती व दिवसभरानंतर पावलांवर सूज येणे ही त्याची पहिली लक्षणे होत. खेड्यात अशी सूज आली की अशक्तपणा म्हणून शक्तिवर्धक औषध आणले जाते, क्वचित देवऋषीही गाठला जातो. चेहऱ्याला काय लावतेस, हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी आणि घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांनी तो विचारण्याची सवय लावून घेतली तर पुष्कळ रुग्ण वेळेवर सापडतील. पाऱ्याचे मलम वेळीच बंद केले तर अनेकांचा हा विकार आटोक्यात येतो. उशीर झाल्यास मात्र तो मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतो.

आणखी एक बाब मातांनी ध्यानात ठेवावी. मलम लावणाऱ्या स्त्रीच्या हातांतून, उशीच्या अभ्र्यातून, पंचातून हा पारा घरभर पसरतो. ज्यांनी कधी मलमाला हात लावला नाही अशा मुलांच्या लघवीतही तो आढळल्याची उदाहरणे परदेशांतील आरोग्य खात्यांनी नोंदविली आहेत.

आता कायद्याकडे वळू. १९४० चा मूळ कायदा केवळ औषधांसाठी होता. सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. ही दुरुस्ती १९६४ पासून अमलात आली आणि कायद्याचे नाव ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम’ असे झाले. मानवी शरीरावर चोळण्यासाठी, ओतण्यासाठी, शिंपडण्यासाठी किंवा अन्य प्रकारे लावण्यासाठी, स्वच्छता किंवा सौंदर्य यांच्या हेतूने तयार केलेली वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन, अशी व्याख्या तेव्हा करण्यात आली. त्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनंतर तोही आत आला. म्हणजे कुंकू, काजळ, पावडर, केसांचा रंग, शाम्पू, अंगाचा साबण या सर्व वस्तू आज एकाच कायद्याखाली येतात. १५ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि तोवर औषधांच्या नियमांतच विखुरलेल्या तरतुदी त्यात एकत्र आल्या.

पाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ देशापुरता राहिलेला नाही. जपानमधील मिनामाटा उपसागरात एका कारखान्याच्या सांडपाण्यातून मासळीत व मासळीतून माणसांत पारा गेला आणि हजारो कोळी कुटुंबे अपंग झाली. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला व भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. दहा लाखांत एका भागाहून अधिक पारा असलेली प्रसाधने २०२० पर्यंत बंद करावयाची, असे त्या करारात ठरले होते. पुढे २०२३ च्या अखेरीस भरलेल्या बैठकीत, पारा घातलेले कोणतेही प्रसाधन २०२५ नंतर तयार होऊ नये, असा निर्णय झाला.

कायदा असा कडक दिसतो. मग अकोल्याची डबी बाजारात आली कशी? या प्रश्नाचे उत्तर परवाना-पद्धतीत सापडते. प्रसाधन तयार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातून आणणाऱ्याला त्या मालाची केंद्राकडे नोंदणी करावी लागते. परंतु किरकोळ विक्री करणाऱ्याला औषध-दुकानदाराप्रमाणे वेगळा परवाना लागत नाही. औषधांचे दुकान गावात किती व कोठे हे शासनाच्या दप्तरी असते, पण मलमे व पावडरी विकणारी किराणा दुकाने, बांगड्यांच्या टोपल्या, आठवडी बाजारातील पाले, यात्रेतील मांडव आणि घरातल्या खोलीत चालणारी सौंदर्यगृहे यांची मोजदाद कोणाकडेही नाही. जिल्ह्यातील औषध निरीक्षकांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी असते आणि त्यांचा बहुतेक वेळ औषधांच्या दुकानांत व कारखान्यांत जातो. तसा तो जावा हे योग्यही आहे. म्हणून प्रसाधनांच्या बाबतीत पहिली नजर गावाचीच असावी लागते. रिद्धपूरसारख्या ठिकाणी, जेथे दूरदूरचे यात्रेकरू येतात आणि यात्रेत शेजारच्या राज्यांतील दुकाने लागतात, तेथे तर ही नजर अधिक हवी.

नजर कशावर ठेवावयाची, हेही अवघड नाही. रीतसर मालाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, माल कोणत्या खेपेतला याचा क्रमांक, वापराची मुदत व घटकद्रव्यांची यादी असावी लागते. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. उर्दू, चिनी किंवा थाई लिपीत छापलेली सुंदर डबी, जिच्यावर भारतातील आयातदाराचे नाव नाही, ती कितीही महाग असली तरी चोरवाटेने आलेली आहे असे समजावे. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी ही सारी पाऱ्याचीच नावे आहेत. आणि एक खूण मोठी मौजेची आहे. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना एखाद्या मलमावर असेल तर ते मुळीच घेऊ नये, कारण पारा सोन्याला पांढरा करतो. दागिना खराब होऊ नये म्हणून निर्मात्याने सूचना छापली. गालाची काळजी त्याला वाटली नाही!

येथे लेबलाच्या भाषेचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो रिद्धपुरात करावा यात एक औचित्य आहे. याच गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरेत अशी आठवण सांगतात की, केशिराजांसारख्या विद्वान शिष्यास संस्कृतात ग्रंथ लिहावासा वाटला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास नकार दिला. पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या बायांना त्यातले काही कळणार नाही, त्या वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. सातशे वर्षांपूर्वी जी चिंता ज्ञानाच्या बाबतीत वाहिली गेली ती आज विषाच्या बाबतीत वाहण्याची वेळ आली आहे. वेष्टनावरील मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याचे समाधान होते. घटकद्रव्यांची यादी तर इंग्रजीत आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरांत असते. अपवाद आहे तो एक. पॅरा-फिनिलीन-डायअमीन हा पदार्थ असलेल्या केसांच्या रंगावर, या पदार्थाने त्वचेला दाह होऊ शकतो, आधी थोडी चाचणी घ्यावी, पापण्या व भुवया यांना तो लावू नये कारण त्याने अंधत्व येऊ शकते, असा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापणे नियमाने आवश्यक आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या रंगाच्या पाकिटावर हा इशारा मराठीत आहे की नाही हे पाहणे कोणाही शिक्षकाला जमेल. ज्या गावी आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, त्या गावाने या इशाऱ्यांना आणि घटकद्रव्यांच्या नावांना म्हातारीला कळेल असे मराठी रूप देण्याचे काम हाती घेतले तर ते भाषेचेही काम होईल.

केसांच्या रंगाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण मलमांहून तो अधिक घरांत पोहोचला आहे आणि पुरुषही तो तितकाच वापरतात. खरी मेंदी केसांना तांबूस रंग देते आणि त्यासाठी ती काही तास ठेवावी लागते. जी ‘काळी मेंदी’ तासाभरात केस काळेभोर करते तिचा रंग बहुधा मेंदीच्या पानांचा नसून वर सांगितलेल्या डायअमीनचा असतो. पाकिटावर हिरव्या पानांचे चित्र असल्याने ती वनस्पतिजन्य आहे अशी समजूत होते. ज्यांना या पदार्थाचे वावडे असते त्यांच्या डोक्याला खाज सुटते, कपाळ व पापण्या सुजतात, पाणी सुटते. पहिल्या वेळी काहीच झाले नाही म्हणून दुसऱ्यांदा होणार नाही असेही नसते. वावडे वापरता वापरताच जडते. लग्नसराईत हातांवर नक्षी लवकर व गडद यावी म्हणून हीच काळी मेंदी काढतात तेव्हा नवरीच्या हातावर फोड उठतात आणि नक्षीच्या आकाराचा डाग पुढे महिनोन्‌महिने राहतो. पोटात गेल्यास तर हा पदार्थ अत्यंत घातक आहे. घशाला सूज येऊन श्वास कोंडतो आणि स्नायू व मूत्रपिंडे यांवर परिणाम होतो. रंगाची पाकिटे व बाटल्या औषधांप्रमाणेच कुलपात ठेवाव्यात.

केस सरळ करण्याच्या द्रव्यांचे वेड अजून मोठ्या शहरांपुरते आहे, तरी तालुक्यापर्यंत ते येऊ लागले आहे. त्यांपैकी काहींतून तापविल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो आणि त्याचा खरा त्रास गिऱ्हाइकाहून दिवसभर ते काम करणाऱ्या मुलीला होतो. त्याऐवजी आलेल्या ग्लायॉक्झिलिक आम्लाने मूत्रपिंडाला इजा झाल्याचे एक प्रकरण २०२४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी नोंदविले.

कुंकवाचा प्रश्न आपल्या अगदी घरचा. हळदीला चुना व अन्य साहित्य लावून केलेले कुंकू हा जुना प्रकार. हिंगूळ हा पाऱ्याचाच गंधकाशी झालेला संयोग आहे आणि शेंदूर हे शिशाचे भस्म. शेंदूर देवाला आणि कुंकू कपाळाला, ही जुन्यांची वाटणी या दृष्टीने शहाणपणाची म्हटली पाहिजे. आज बाजारात येणारे बरेचसे कुंकू कृत्रिम रंगांचे असते आणि त्यांतील काही रंग त्वचेला अपाय करणारे असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. प्रसाधनात वापरावयाच्या रंगांत शिसे दहा लाखांत २० भागांहून व आर्सेनिक दोन भागांहून अधिक असू नये, अशी मर्यादा नियमांत आहे. कुंकू टाळण्यासाठी म्हणून जी चिकटणारी टिकली आली, तिच्या डिंकात पॅरा-टर्शियरी-ब्यूटिल फिनॉल नावाचे द्रव्य असल्यास रंगद्रव्याच्या पेशी मरतात आणि कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. हा डाग कोडाचा समजून किती मुलींची लग्ने अडली असतील! तो कोड नव्हे. बाहेरच्या रसायनाने पडलेला डाग आहे. टिकली बंद केली व वेळेवर उपचार घेतले तर पुष्कळदा रंग परत येतो. ही एवढी माहिती शाळेतील मुलींना मिळाली तरी त्यांच्यावरचे एक मोठे ओझे उतरेल.

जे मलम मुळात प्रसाधन नव्हे, तर औषध आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. खाज व गजकर्ण यांवरील स्टेरॉइडयुक्त मलमे चेहरा उजळतात म्हणून वर्षानुवर्षे लावली जातात. त्वचा पातळ व लाल होते, तोंडावर लव उगवते, पुटकुळ्या येतात आणि मलम सोडले की चेहऱ्याची आग होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध दीर्घकाळ प्रयत्न केले आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. औषध-दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावण्याचे कारण नाही. न मागणाऱ्या दुकानाचा संशय धरावा.

या साऱ्यामागे गोऱ्या रंगाची ओढ आहे, हे उघड आहे. श्रीकृष्णाला सावळा म्हणून पूजणाऱ्या प्रदेशात सून मात्र गोरी हवी असते. २०२० साली एका फार मोठ्या कंपनीने आपल्या जुन्या मलमाच्या नावातून गोरेपणाचा उल्लेख काढून टाकला. स्थळे पाहताना होणाऱ्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

तथापि सावधगिरीच्या नादात अफवा पसरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याचा धडा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याने दिला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, स्त्रिया, लहान मुले कोणीच सुटले नाही. पाहता पाहता बाधितांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी शाम्पूला. मुलींना शाळेत जाण्याची लाज वाटू लागली, सोयरिकी थांबल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. रक्त, केस, पाणी व धान्य यांचे नमुने घेतले गेले आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः गावांत जाऊन नमुने गोळा केले. शिधावाटप दुकानातून आलेल्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. म्हणजे बोट दाखविले गेले ते डोक्याला लावण्याच्या वस्तूकडे, आणि पुरावा मिळाला तो ताटातल्या पोळीकडे. गंमत अशी की सेलेनियमचाच एक संयोग कोंड्यावरील शाम्पूत औषध म्हणून वापरतात आणि योग्य मात्रेत तो उपकारक ठरतो. तपासणीवाचून एखाद्या मालाला विषारी ठरविणे आणि तपासणीवाचून एखाद्याला निर्दोष ठरविणे, दोन्ही सारखेच घातक.

तपासणीचा हा मार्ग सामान्य ग्राहकालाही मोकळा आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती, मग ती त्या संघटनेची सभासद असो वा नसो, तसेच कोणतीही मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेले प्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते आणि विश्लेषकाच्या सहीचा अहवाल मिळण्याचा तिला हक्क आहे. विदर्भासाठी अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा नागपूर येथे आहे. मात्र त्यासाठी वस्तू विकत घेतल्याचा पुरावा हवा, आणि बिल मागण्याची लाज हा आपल्या ग्राहकाचा जुना दोष आहे. पन्नास रुपयांच्या डबीचे बिल काय मागावयाचे, असे वाटते. परंतु बिल नसले की ती डबी कोणाची नसते.

दुकानदाराच्या दृष्टीनेही बिल हेच संरक्षण आहे. कलम १८-अ खाली निरीक्षकाने विचारल्यास माल कोणाकडून घेतला त्याचे नाव व पत्ता सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. परवानाधारक उत्पादकाचा माल रीतसर खरेदी केला असेल, तो नीट साठविला असेल आणि त्यातील दोष त्याला वाजवी काळजी घेऊनही कळण्याजोगा नसेल, तर कायदा त्याला दोषी धरीत नाही. उलट, ‘एक माणूस मोटारसायकलवर येऊन देऊन जातो’ असे उत्तर देणाऱ्या दुकानदारापाशी बचावासाठी काहीच उरत नाही. बनावट किंवा भेसळयुक्त प्रसाधनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. यात्रेत जागा देताना पंचायतीने प्रसाधने विकणाऱ्यांना खरेदीची बिले जवळ ठेवण्यास सांगितले तर त्यात कोणावर अन्याय होत नाही आणि निरीक्षकाचे निम्मे काम आधीच झालेले असते.

महिला बचत गटांचा विषय नाजूक आहे. साबण, उटणे, शिकेकाईची भुकटी, केशतेल तयार करण्याचे प्रशिक्षण गटांना मोठ्या उत्साहाने दिले जाते आणि त्या मालाची प्रदर्शनेही भरतात. हे उद्योग वाढावेत यात शंका नाही. पण विक्रीसाठी तयार केलेला साबण वा उटणे हेही कायद्याने प्रसाधनच असते आणि त्यास उत्पादन परवाना लागतो, हे प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते. घरगुती आहे म्हणून निर्दोष आहे, असे गृहीत धरून चालत नाही. हळदच भेसळीची असेल तर उटण्याला दोष लागणारच. ज्या अधिकाऱ्यांकडे अशा गटांचे काम आहे त्यांनी पहिल्याच बैठकीत परवान्याचा अर्ज समोर ठेवावा. तीन वर्षांनी माल जप्त झाल्यावर नव्हे.

शाळांतून स्नेहसंमेलने होतात, मुलांचे चेहरे रंगविले जातात. त्यासाठी बाजारातून सुटा रंग व सुटी पावडर आणण्याची प्रथा सोडून द्यावी. सफेदा हे शिशाच्या पांढऱ्या भुकटीचे जुने नाव आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सुट्या मालावर लेबल नसते, म्हणून त्याची जबाबदारी घेणाराही नसतो.

शेवटी तक्रारीच्या रीतीविषयी. संशय आल्यास डबी फेकून देऊ नये, रिकामी करू नये, दुसऱ्या बाटलीत काढू नये. आहे त्या वेष्टनात, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. खरेदीची तारीख, दुकान किंवा सौंदर्यगृह, किती दिवस वापरले आणि काय त्रास झाला हे एका कागदावर लिहावे. डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्यावी. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा तो त्याची वाजवी किंमत देऊ करतो, नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो. एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला परत, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक ज्याने माल पुरविला त्याला. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे कळवावे लागते. त्यानंतर न्यायालयाकडील भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो आणि तिचा अहवाल अंतिम मानला जातो. फिर्याद दाखल करण्याचा अधिकार निरीक्षकाप्रमाणेच बाधित व्यक्तीला आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही कायद्याने दिलेला आहे.